अहो, तुमचे पैसे राहिले!

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आज पुन्हा ठेवलेच! शंभर येनचं नाणं, सुपाच्या वाटीला टेकवून, मला दिसेल असं. मी ट्रे तिथेच टेकवला आणि धावले. दारातल्या कापडी पडद्यात केस अडकले, तशीच बाहेर.

"अहो! अहो एगाशिरासान! तुमचे पैसे राहिले!"

रेल्वे फाटकाच्या अलीकडच्या सिग्नलला गाठलं. लाल होता म्हणून जमलं. नाहीतर हा जळ्ळा मेला गुडघा मला तिथवर नेतो कुठला!

म्हणाले, "राहिले नाहीत. ठेवले."

"आमच्याकडे घेत नाहीत. कुठेच घेत नाहीत. तुम्हाला काय ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे हो. पण चाळीस वर्षं जहाजावर काढली. ज्या बंदरात जेवलो तिथे टेबलावर काहीतरी ठेवूनच उठलो. डोक्याला कळतं, हाताला कळत नाही."

आणि तोच हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी नाणं ठेवलं, वाकले. तेही वाकले. सिग्नल हिरवा झाला.

हा तिसरा आठवडा. जेवण साडेआठशेचं, ते गल्ल्यावर चोख देतात, आणि टेबलावर हे नाणं. त्यांचं नाव कळलं ते दाराशी ठेवलेल्या कागदावरून. गर्दी असली की गिऱ्हाईक त्यावर नाव लिहून बाहेर थांबतं. काय सुंदर अक्षर आहे!

परत आले तर मालकीणबाई म्हणाल्या, "नोबुएसान, उद्यापासून माझी सायकल घेऊन जा!" सगळं दुकान हसलं. मीही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

ठेवले. धावले. दिले.

१६ ऑक्टोबर, सोमवार

एक विचित्रच झालं. सकाळी दुकानात पोचले, नमस्कार म्हणायला तोंड उघडलं — आवाजच फुटेना! खाकरून खाकरून मग आला. शनिवार-रविवार माझी सुट्टी असते. म्हणजे शुक्रवारी दुपारी दुकानातून निघाले त्यानंतर आजपर्यंत तोंडातून शब्द गेलेला नाही. अडीच दिवस!

घरात बोलतं ते फक्त न्हाणीघरातलं यंत्र. "आंघोळीचं पाणी तयार आहे." बाईचा आवाज, गोड. शिगेरु, नवरा माझा, होता तेव्हा तिला उत्तर द्यायचा — "आलो बाई, आलो, घाई काय एवढी!" मी देत नाही. एकदा द्यायला लागले की थांबवता येणार नाही अशी भीती वाटते. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. उतारावरच्या आमच्या गल्लीत सात घरं होती, आता दिवा लागतो तो दोन घरांत.

आजही ठेवले. मी धावण्याआधी पाणी प्यायले, आवाज नीट यावा म्हणून.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आज सिग्नल नुकताच लाल झालेला. अख्खा वेळ मिळाला!

एगाशिरासान म्हणाले, "न्यूयॉर्कला एकदा मी कमी ठेवले. वेटर रस्त्यापर्यंत आला मागून. आमच्या हातून काय चुकलं म्हणून विचारायला. मी लाजेने अर्धा! इथे ठेवले तर तुम्ही येता मागून. म्हणजे कुठेही जेवलो तरी पाठीमागे माणूस लागणार, हे माझ्या कपाळीच लिहिलंय."

मी एवढ्या मोठ्याने हसले की शेजारी उभ्या शाळकरी मुली वळून बघायला लागल्या. चौसष्ट वर्षांची बाई, एप्रन घालून, रस्त्यात दात काढतेय!

दुपारभर आठवून आठवून हसू येत होतं. मिसोच्या रश्श्यातला बांगडा एका टेबलाचा दुसऱ्याला दिला.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

खोटं बोलले.

त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण?" म्हटलं, मुलगा नागोयाला असतो, यासुहिरो. "फोन करतो का?" आणि माझ्या तोंडून गेलं — "रोज! रोज संध्याकाळी. पुरे म्हटलं तरी ठेवत नाही."

"भाग्यवान आहात," म्हणाले. वाकले. गेले.

का बोलले असं? यासुहिरो महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करतो. सहा मिनिटं. त्यातली दोन हवेची — तिकडे थंडी पडली का, इकडे पडली का. वाईट मुलगा नाही तो. मीच त्याला सांगते, सगळं छान आहे, ठेव, तुला कामं असतील. आणि तो ठेवतो.

३० ऑक्टोबर, सोमवार

नाणं नव्हतं.

वाटी उचलून पाहिली. ट्रेखाली पाहिलं. जेवायच्या काड्या टेकवायचा चिनी मातीचा तुकडा पाहिला. खुर्चीवरची गादी झटकली. मालकीणबाई म्हणाल्या, "झुरळ दिसलं का?"

नाही म्हटलं. टेबल पुसलं. दोनदा पुसलं.

बरंच झालं म्हणायचं. शिकले एकदाचे. आपल्या देशात हेच बरोबर. मग संध्याकाळी माझा भात करपायचं कारण काय?

३१ ऑक्टोबर, मंगळवार

दोन ठेवली! सिग्नलला मी श्वास टाकायच्या आत म्हणतात कसे, "एक कालचं. काल गडबडीत राहून गेलं, मला रात्रभर चैन नाही."

"म्हणजे न ठेवण्याला तुम्ही विसरणं म्हणता!"

"तुम्ही ठेवण्याला विसरणं म्हणता. फिट्टंफाट."

२ नोव्हेंबर, गुरुवार

बंदराला मोठं प्रवासी जहाज लागलंय. दुकानात चार परदेशी बायका आल्या. तळलेला बांगडा, भात, सगळं पुसून खाल्लं. उठताना टेबलावर हजाराची नोट! मी धावले. आता धावण्याची सवयच झालीय.

त्यातल्या एका थोराड बाईला गाठून नोट पुढे केली. तिला वाटलं मी पैसे कमी पडले म्हणतेय! घाईघाईने पर्स उघडून आणखी एक नोट काढली. मी हात हलवते — नको नको. ती तिसरी काढते! तिच्या मैत्रिणी गलका करतायत. शेवटी त्यांच्यासोबतचा वाटाड्या आला, त्याने समजावलं. बाई लालेलाल झाली, मग हसायला लागली, आणि एकदम मला मिठी मारली. घट्ट. तिच्या कोटाला साबणाचा वास होता.

दुकानात येऊन सांगितलं तर सगळ्यांची हसून पुरेवाट. मी स्वयंपाकघराच्या मागे गेले आणि नळाखाली हात धुवत राहिले. शिगेरुला शेवटचं कूस बदलून निजवलं तेव्हापासून मला कुणाचा स्पर्श झालेला नाही. हे आज कळलं.

५ नोव्हेंबर, रविवार

यासुहिरोचा फोन. सात मिनिटं. त्यांच्याकडे थंडी पडली.

७ नोव्हेंबर, मंगळवार

काल मी त्यांना सुनावलं होतं. म्हटलं, "माझी आई गरम झऱ्याच्या गावी, पाहुण्यांच्या वाड्यात कामाला होती. तिथे मोठे पाहुणे खोलीत आल्या आल्या दासीला काहीतरी देत, पण कागदात गुंडाळून! सफेद, कोऱ्या कागदात. उघडं नाणं पुढे टाकायचं म्हणजे भिकाऱ्याला दिल्यासारखं. चाळीस वर्षं जग फिरलात आणि एवढं कळेना?"

आज काय केलं असेल? नाणं गुंडाळून! फेरीबोटीच्या वेळापत्रकाच्या कागदात. घड्या इतक्या नेटक्या की उलगडायला जीव होईना.

सिग्नलला म्हणाले, "आता तर घ्यायलाच हवं."

"गुंडाळलेलं तर मुळीच नाही! आईने घेतलं असतं. आम्ही जेवणाचं दुकान. आमच्याकडे जेवण झाल्यावर 'छान जेवलो' म्हणायचं, तेच आमचं."

"ते तर मी रोज म्हणतो."

"हो, पण भिंतीकडे बघून म्हणता."

का म्हटलं मी हे? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली. मग सिग्नल दोनदा हिरवा झाला. दोनदा! आम्ही दोघं तिथेच, त्यांच्या जहाजावरच्या स्वयंपाक्याला समुद्र खवळला की भात कसा शिजवावा लागे त्याबद्दल बोलत.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

परत आले तर बाहेर पाच माणसं ताटकळत आणि आत तीन टेबलं उष्टी. तोकुनागा मालक काही बोलले नाहीत. स्वतः टेबल पुसत होते. ते बोलले असते तर बरं.

१३ नोव्हेंबर, सोमवार

लिहायला बसले पण हात उचलत नाही.

एगाशिरासान गल्ल्यावर आले. मालक स्वतः उभे होते. आवाज मऊ, हसरा, पाठ वाकलेली — मालक वाईट माणूस नाहीत हे मी शंभरदा लिहीन. पण दुकान भरलेलं होतं आणि सगळ्यांच्या काड्या थांबल्या.

"एगाशिरासान, एक विनंती होती. टेबलावर पैसे ठेवू नका. आमच्याकडे ते घेता येत नाहीत. आणि नोबुएसानना रोज तुमच्यामागे धावावं लागतं. त्यांचा गुडघा दुखरा. त्यांना त्रास होतो हो."

त्रास!

एगाशिरासानांनी माझ्याकडे पाहिलं. मी गल्ल्यापासून दोन हातांवर, ट्रे घेऊन उभी. एक शब्द बोलायचा होता. 'नाही.' एवढाच. नाही, त्रास होत नाही. मी काय केलं? वाकले! मालकांच्या बोलण्याला जणू अनुमोदन दिलं.

ते खूप खाली वाकले. त्यांच्या टकलाच्या मागचा पांढरा केसांचा पट्टा दिसला. "माफ करा. माझ्या लक्षात आलं नाही. इतके दिवस त्रास दिला." टेबलापाशी परत गेले, नाणं उचललं, खिशात टाकलं. पडदा बाजूला करून गेले. 'छान जेवलो' म्हटलं नाही.

सगळ्यांच्या काड्या पुन्हा चालायला लागल्या.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आले नाहीत.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

नाहीत. मालकीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "एक गिऱ्हाईक घालवलंत." मालक म्हणाले, "मी काय वाईट बोललो? नोबुएसानसाठीच तर बोललो." आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, उपकार झाले."

दुसऱ्यांदा.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

धीर करून समोरच्या साकोदा न्हाव्याला विचारलं. तो गावातली सगळी डोकी ओळखतो. तो एकाची दाढी करत होता, वस्तरा हवेत धरून म्हणाला, "एगाशिरा? त्याला काय झालंय? परवाच केस कापून गेला."

बरे आहेत! मग म्हटलं, "बरेच दिवस दिसले नाहीत म्हणून. कदाचित जुन्या सोबत्यांना भेटायला गेले असतील. जहाजावरच्या."

"कसलं जहाज?"

"चाळीस वर्षं होते ना ते. न्यूयॉर्क वगैरे."

साकोदा असा हसला की दाढीवाला ओरडला, "अरे वस्तरा सांभाळ!"

"एगाशिरा जहाजावर! अहो, तो पलीकडे शिमोनोसेकीला फेरीबोटीने निघाला तरी कठडा धरून डोळे मिटून बसतो! पाच मिनिटांची फेरी! बंदराच्या कचेरीत कारकून होता तो. कुठलं जहाज आलं, कुठून आलं, कुठे चाललं, ते लिहून घ्यायचा. कुठे गेला नाही जन्मात. तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही," म्हटलं. "माझी ऐकण्यात चूक झाली असेल."

२२ नोव्हेंबर, बुधवार

दुकान बंद. घरी. खोटारडा माणूस! न्यूयॉर्कचा वेटर म्हणे! खवळलेल्या समुद्रातला भात म्हणे! आणि मी आपली तोंडाचा आ वासून, गुडघ्याची वाट लावून...

गादी वाळत घातली. बडव बडव बडवली.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दात घासताना थांबले.

हाताची सवय जर जहाजावरची नव्हे, तर त्या हाताला नाणं ठेवायला शिकवलं कुणी? त्यांनी तर सगळा जन्म इथे काढला. त्यांना पक्कं ठाऊक होतं की इथे कुणी घेत नाही. ठाऊक होतं की परत द्यायला कुणीतरी येणार.

ब्रश तोंडात तसाच. फेस हनुवटीवर.

आणि मी तरी कोण मोठी सत्यवादी! "रोज संध्याकाळी फोन करतो" म्हणणारी!

२९ नोव्हेंबर, बुधवार

गेले.

साकोदाने पत्ता दिला, वर एक खट्याळ नजर फुकट दिली. बरोबर काय न्यावं? रिकाम्या हाताने जाता येत नाही. फार काही नेलं तर भलताच अर्थ. शेवटी चार संत्री, कागदी पिशवीत.

घर आमच्यासारखंच उतारावर, दुसऱ्या टेकडीला. पायऱ्या अरुंद, शेवाळलेल्या. दार सरकवून त्यांनीच उघडलं. लोकरी बनियन, चष्मा कपाळावर.

"पसारा आहे," घाबरून म्हणाले. "आत बोलवण्यासारखं नाही."

"मी आत येणार नाही. इथेच सांगते." वाटेत घोकून आले होते ते सगळं विसरले! म्हटलं, "त्रास नव्हता. मला त्रास होत नव्हता. त्या दिवशी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. माझं चुकलं."

ते दाराची चौकट धरून उभे. मग, "जहाजाचं... साकोदाने सांगितलं असेल."

"सांगितलं."

"मग तुम्ही रागावलात."

"एक दिवस. गादी बडवली."

तेव्हा किंचित हसले. उंबऱ्यावर बसले, मी बाहेरच्या पायरीवर. संत्र्यांची पिशवी मध्ये. त्यांनी सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहिते.

"बायको उन्हाळ्यात गेली. अडतीस वर्षांचा संसार. त्यानंतर बाहेर जेवायला लागलो. सप्टेंबरात एकदा खरंच खिशातून नाणं पडलं असावं, टेबलावर राहिलं. मला पत्ताच नाही. रस्त्याने चाललोय आणि मागून हाक — एगाशिरासान! अहो एगाशिरासान! माझं नाव, भर रस्त्यात, एवढ्या मोठ्याने! मला वाटलं... काय वाटलं ते राहू दे. दवाखान्यात पुकारतात, पण तिथे नुसता नंबर. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ठेवलं. तुम्ही विचारलंत, का ठेवता. आता काय सांगणार? तोंडाला आलं ते जहाज. आयुष्यभर इतरांच्या जहाजांची नावं लिहिली, म्हटलं एकदा आपण चढू."

मी म्हटलं, "यासुहिरो रोज फोन करत नाही. महिन्यातून एकदा."

"हं," म्हणाले. "माझ्या जहाजासारखाच तो रोजचा फोन."

"म्हणजे?"

"म्हणजे मला वाटलंच होतं. ज्याच्याशी घरचं कुणी रोज बोलतं तो माणूस सिग्नल दोनदा सोडत नाही."

दोन संत्री तिथेच सोलली. साली त्यांनी फेरीच्या वेळापत्रकात गुंडाळल्या.

४ डिसेंबर, सोमवार

आले! नेहमीच्या टेबलाशी. मालकांनी स्वतः चहा नेला, जरा जास्तच वाकले. एगाशिरासान जेवले, गल्ल्यावर पैसे दिले, माझ्याकडे वळून — भिंतीकडे नाही — म्हणाले, "छान जेवलो."

टेबलावर काहीच नव्हतं. रीतीप्रमाणे. जगात कुणाला चूक काढता येणार नाही असं स्वच्छ टेबल.

मी ट्रे धरून उभी. पडदा हलायचा थांबला. त्यांच्यामागे बाहेर जायला आता मला काय निमित्त?

५ डिसेंबर, मंगळवार

निघताना हळूच म्हणाले, "बुधवारी दुकान बंद असतं ना. मी अकरा वाजता फेरीच्या धक्क्यावर असतो. बाकावर. उगीच सांगितलं."

उगीच!

६ डिसेंबर, बुधवार

गेले नाही.

साडेदहाला कोट घातला होता. आरशात पाहिलं. मग साकोदा दिसला डोळ्यांपुढे, वस्तरा हवेत धरून. मग यासुहिरो — आई, या वयात? कुणी काही म्हटलेलं नाही, सगळं मीच म्हणून घेतलं. कोट काढला. अकरा वाजले. बारा वाजले. फेरीचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. आज सारखाच येत होता.

७ डिसेंबर, गुरुवार

जेवले, गेले. "काल वारा होता," एवढंच. मी "हो" म्हटलं. दोघंही वाकलो. मुलखाची सभ्य माणसं!

११ डिसेंबर, सोमवार

आज मालकीणबाई भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "नोबुएसान, तुमचा गुडघा बरा झाला का?" म्हटलं, आता धावत नाही ना. त्या म्हणाल्या, "पण तेव्हा तुम्ही काम करताना गुणगुणायचात. आता गुणगुणत नाही."

मी गुणगुणायचे? मला ठाऊकच नव्हतं.

परवा जाणार. ठरलं. साकोदाला बघायचं तर बघू दे.

१३ डिसेंबर, बुधवार

गेले. पावणेअकरालाच पोचले. डब्यात भाताचे गोळे, खारवलेला आंबट आलुबुखार घातलेले दोन, मासा घातलेले दोन.

अकरा. नाहीत. सव्वाअकरा. फेरी आली, लोक उतरले, फेरी गेली. साडेअकरा. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी. तिकीट खिडकीतला माणूस काच सरकवून म्हणाला, "ताई, कुठल्या फेरीने जायचंय?" म्हटलं, कुठल्याच नाही. त्याने काच लावली.

सव्वाबारापर्यंत बसले. डबा उघडला नाही.

बरोबरच आहे त्यांचं. त्या बुधवारी तेही असेच बसले असतील याच वाऱ्यात, मी कोट घालून काढत होते तेव्हा. एकदा बोलावलं, आली नाही. माणूस किती वेळा बोलावणार? मालकांसमोर गप्प राहिले तेव्हाही असाच उशीर केला. मला हे आयुष्यभर जमलेलं नाही — वेळेवर बोलणं, वेळेवर जाणं.

घरी येऊन गोळे एकटीने खाल्ले. चारही. गार झाले होते. न्हाणीघरातली बाई म्हणाली पाणी तयार आहे. म्हटलं, "असू दे." मोठ्याने म्हटलं. दिलं शेवटी तिला उत्तर.

१४ डिसेंबर, गुरुवार

टॅक्सीत लिहितेय, ऑर्डरच्या वहीतल्या कागदावर. अक्षर हलतंय.

सव्वाअकराला दुकानात फोन. मालकांनी माझ्या हातात दिला. इस्पितळातली परिचारिका. एगाशिरासान काल सकाळी साडेदहाला घराच्या पायऱ्यांवरून घसरले. मांडीचं हाड मोडलंय. चांगला कोट घालून निघाले होते म्हणाली, आणि शुद्धीवर आल्यापासून एकच धोशा, धक्क्यावर निरोप पाठवा. आज दुपारी ऑपरेशन. कागदावर घरच्या माणसाचं नाव लागतं. काल दिवसभर म्हणत होते, कुणी नाही, कुणी नाही. आज सकाळी माझं सांगितलं. माझा नंबर त्यांच्याकडे नाही. दुकानाचा पाठ होता.

"नाव लिहिलंय," ती म्हणाली. "नातं काय लिहू?"

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. मालक कुजबुजले, "टॅक्सी बोलावू?"

मी फोनमध्ये म्हटलं, "ते मोकळं ठेवा. मी निघालेय. येऊन माझ्या हाताने लिहिते."